गावातल्या ओव्यांवर शोधनिबंध लिहायचा आणि छापायचा, तर सुरुवात कुठून करायची

हातोहाती मोबाईल आल्यापासून एक गोष्ट फार चांगली झाली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, जत्रेतलं भारूड, खंडोबाचं जागरण हे सगळं लोक हौसेनं रेकॉर्ड करून ठेवू लागले. पण बहुतेक वेळा ते फोनमध्येच पडून राहतं आणि फोन बदलला की जातं. त्यातून अभ्यासाचा लेख व्हावा, तो चांगल्या नियतकालिकात छापून यावा, असं अनेक शिक्षकांना, एम.ए.च्या विद्यार्थ्यांना, गावच्या ग्रंथपालांना मनापासून वाटतं. हे होण्यासारखं आहे. पीएच.डी. नसली तरी चालतं, नोंदी मात्र चोख लागतात. संपादक आणि परीक्षक, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारे जाणकार, सगळ्यात आधी हेच बघतात, की ही ओळ कोणी म्हटली, कुठे, कधी आणि कोणासमोर. ही माहिती असेल तर कच्चा लेखही सुधारून घेता येतो. ती नसेल तर भाषा कितीही देखणी असो, लेख परत येतो, आणि तसं झालं तर ते योग्यच आहे असं मी म्हणेन.

इथे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं घेतलं आहे, पण दशावतार, खडीगंमत, दंडार, वासुदेव किंवा गावदेवीच्या कहाण्या यांनाही हीच रीत लागू पडते.

पहिली पायरी : प्रश्न लहान करा

‘जात्यावरील ओव्यांतील स्त्रीजीवन’ या शीर्षकाचा लेख कृपा करून लिहू नका. माहेर, सासर, भाऊराया, पंढरी अशा चार मथळ्यांखाली ओव्या वाटून टाकणारे लेख मराठीत उदंड झाले आहेत. तुमच्या गावाबद्दल त्यातून नवं काहीच कळत नाही. त्यापेक्षा एकच लहान प्रश्न धरा. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण लग्नात हळद दळायला जातं आजही मांडतात. मग त्या एका प्रसंगापुरत्या कोणत्या ओव्या टिकल्या आणि कोणत्या विसरल्या गेल्या? एकाच गावच्या दोन वस्त्यांवर तीच ओवी वेगळ्या देवाच्या नावानं म्हणतात का? एसटी, मोटार, मुंबईची गिरणी ओवीत कशी आली? बाबासाहेबांवरच्या ओव्या तुमच्या भागात कोण म्हणतं, आणि त्या जुन्या कोणत्या चालीवर बसवल्या आहेत? अशा प्रश्नाला वीस-तीस ओव्याही पुरतात, फक्त त्या नीट नोंदवलेल्या हव्यात.

कोणत्या ओवीबद्दल बोलताय हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. बायकांची जात्यावरची ओवी वेगळी. ढोलाच्या साथीनं पुरुष गातात आणि अधूनमधून गद्यात कथा सांगतात ती धनगरी ओवी वेगळी. ज्ञानेश्वरीतली ग्रंथातली ओवी त्याहून वेगळी. नवखे लेखक तिन्ही एकत्र करतात आणि परीक्षकाचा पहिला शेरा तिथेच येतो.

दुसरी पायरी : आधी कोणी काय केलं ते शोधा

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तिथे तुमच्या जिल्ह्याचं नाव आणि ‘लोकगीते’, ‘लोकसाहित्य’, ‘ओवी’ असे शब्द वेगवेगळ्या लेखनानं टाकून बघा, कारण नोंदी करणाऱ्यांनी ऱ्हस्व-दीर्घ एकसारखं ठेवलेलं नसतं. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीनं काढलेले संग्रह जुन्या वाचनालयांत हमखास असतात. तिथे ओव्या भरपूर मिळतील.

सगळ्यात मोठा साठा मात्र गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकारानं जमला. १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून त्यांनी आणि गावागावांतल्या कार्यकर्त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येत असतात, अनेक ओव्या आवाजासकट. त्यांची नोंद कशी असते ते जरूर बघा : गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, ध्वनिमुद्रणाची तारीख. तुमच्या नोंदीला याहून वेगळा नमुना शोधायची गरज नाही. तुमची ओवी तिथे आधीच कोणाच्या तरी आवाजात असेल तर निराश होऊ नका. दुसऱ्या तालुक्यातला पाठभेद हाती आला म्हणजे लेखाला तुलनेचा पाया मिळाला.

गावातली छापील सामग्रीही सोडू नका. शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, जत्रेची पुस्तिका, एखाद्या निवृत्त मास्तरांनी पदरमोड करून काढलेला गावाचा इतिहास यांत विद्यापीठाच्या ग्रंथालयात नसलेली माहिती सापडते. तिचा नावानिशी उल्लेख करा.

तिसरी पायरी : गाणारीची परवानगी आणि तिचं नाव

इथे थोडं थांबून सांगते, कारण घाईत सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

१८६८ साली मेरी फ्रियर या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीनं दख्खनच्या लोककथांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं. त्या कथा तिला सांगितल्या होत्या अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयेनं. साम्राज्याच्या काळातलं पुस्तक, मालकीण आणि चाकर असं नातं, तरीही फ्रियरनं अ‍ॅनाचं नाव दिलं आणि तिची स्वतःची जीवनकहाणी तिच्याच निवेदनात पुस्तकाच्या सुरुवातीला छापली. पुढे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींबद्दल प्रश्नावली काढून मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून माहिती मागवली. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाली आणि ते साहित्य नंतर ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांनी संपादित करून प्रसिद्ध केलं. त्यात बहुतेक ठिकाणी अमुक गावचे शाळामास्तर एवढाच दाखला मिळतो. ज्या म्हाताऱ्या बाईनं किंवा गुराख्यानं ती गोष्ट मास्तरांना सांगितली असेल, त्यांचा मागमूस नाही. सरकारी पाठबळ असलेलं हे काम, पण माणसाची नोंद फ्रियरच्या पुस्तकाइतकीही नाही. आपला लेख कोणत्या वळणानं जाणार हे ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच ठरतं.

परवानगी कागदावर सही घेऊनच घ्यावी असं नाही. अनेक आज्यांना सही किंवा अंगठा म्हटला की सातबारा आठवतो आणि त्या बिचकतात. त्याच ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला बोलून घेतलेली परवानगी पुरते. फक्त चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा : रेकॉर्ड करू का, शब्द छापू का, आवाज इंटरनेटवर ठेवू का, आणि तुमचं नाव घालू का. एकीला हो म्हणणारी बाई दुसरीला नाही म्हणू शकते. तिचा तो नकार लेखाच्या शेवटापर्यंत पाळायचा.

नावाचा प्रश्न खरोखर अवघड आहे. जात्यावर एकटीनं किंवा दोघींनी पहाटे म्हटलेल्या ओवीत नवऱ्याचा मार, सासूचा जाच, सवतीचं दुःख येतं. हे गाणं पीठ पडेपर्यंत जात्याच्या घरघरीत झाकलेलं असतं. ते नावासकट छापलं आणि पुतण्यानं वाचून दाखवलं तर घरात काय होईल याचा विचार तुम्ही नव्हे, तिनं करायचा आहे. तिला तो करायला वेळ द्या. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा. ती म्हणाली नाव नको, तर ‘गाणारी १, वय साठीच्या पुढे’ असं लिहा आणि गावाचं नावही सैल करा, तालुका द्या. ती म्हणाली घाला, तर पूर्ण नाव घाला, तिला हवं तसं. माहेरच्या गावाची नोंद विसरू नका. ओवी बाईबरोबर माहेराहून सासरी येते, त्यामुळे भोरमध्ये ऐकलेली ओवी खरं तर वाईकडची असू शकते.

जात लिहावी का? प्रश्नाशी संबंध असेल तर लिहावी आणि ती बाई स्वतः सांगते तशीच लिहावी. अंदाजानं कधीच नाही.

कायद्याचंही थोडं. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात सादरकर्त्याचा हक्क मान्य आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी वा संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला त्यात सवलत आहे. पण तेच ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकलं की सवलत मागे राहते. ‘लोकगीत कोणाचंच नसतं’ हे वाक्य ऐकाल तेव्हा सावध राहा. परंपरा सगळ्यांची असेल, पण ते गाणं, तो आवाज त्या बाईचा आहे.

चौथी पायरी : ऐकलं तसं उतरवा

रेकॉर्डिंगआधी फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा आणि पहिल्या मिनिटात तारीख, गाव, हजर असलेल्यांची नावं मोठ्यानं बोला. घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती काढा. फाइलच्या नावात तारीख, गाव, क्रमांक असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली एकमेव प्रत हा साठा नव्हे.

ओवी गाऊन घ्या, नुसती सांगून घेऊ नका. सांगताना बायका ‘गं’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे भरीचे शब्द गाळतात, ओळ सरळ करतात, कधी अर्थही सोपा करतात. गाताना पहिली ओळ एकीनं उचलायची, दुसरीनं झेलायची, अर्धी ओळ दोनदा यायची. ही सगळी घडण छापील ओवीत नाहीशी होते. लेखात दोन्ही रूपं द्या, निदान दोन-तीन ओव्यांची. एका ओवीची ही दोन रूपं शेजारी ठेवल्यावर जे दिसतं, त्यावरच एक स्वतंत्र लेख होऊ शकतो.

भाषा दुरुस्त करू नका. बाई ‘इठ्ठल’ म्हणाली तर ‘इठ्ठल’. वऱ्हाडातली ‘माह्या’ म्हणाली तर ‘माह्या’. अहिराणीत ‘डोया’ ऐकू आलं तर ‘डोळा’ करू नका. शुद्धलेखनाचे नियम तुमच्या गद्याला आहेत, तिच्या ओवीला नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे नियमसुद्धा जुन्या साहित्यातले उतारे मूळाप्रमाणे छापा असं सांगतात. मग जिवंत माणसाच्या तोंडचं तर आणखीच जपायला हवं. संपादकानं ‘शुद्ध’ करून टाकू नये म्हणून लेखाच्या पद्धतीच्या भागात एक ओळ घाला : ओव्यांचं लेखन उच्चाराप्रमाणे ठेवलं आहे.

बोलीचं नावही तिलाच विचारा. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना पुष्कळ ठिकाणी सरसकट अहिराणी म्हटलं जातं. जळगावकडचे लेवा गणबोलीचे अभ्यासक त्यावर हरकत घेतात आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. जिल्ह्यावरून बोली ठरवली की अशी गफलत होते.

पाचवी पायरी : लेखाची बांधणी

साधारण क्रम असा असतो : सारांश, पाच-सहा बीजशब्द, प्रश्न, आधीच्या अभ्यासाचा आढावा, गाव आणि गाणाऱ्या, पद्धत, ओव्या आणि विश्लेषण, टिपा, संदर्भ. शब्दमर्यादा नियतकालिकागणिक बदलते, ती लेख लिहायच्या आधीच बघा.

प्रत्येक ओवीला क्रमांक द्या आणि मजकुरात त्या क्रमांकानं बोला. ओवीखाली गाणारी, गाव, तारीख, ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. ओवी दिल्यावर तिचा भावार्थ सांगून पुढे पळू नका. ‘यातून स्त्रीचं दुःख व्यक्त होतं’ हे वाचकाला दिसतंच. त्याला दिसत नाही ते तुम्ही सांगा : ती ओवी कधी म्हणतात, कोणासमोर म्हणत नाहीत, तिच्यातलं झाड किंवा दागिना त्या भागात काय मानतात, विचारल्यावर गाणारी स्वतः काय म्हणाली. तिनं दिलेला अर्थ आणि तुम्ही काढलेला अर्थ वेगळे असतील तर दोन्ही लिहा, वेगवेगळे ठेवून. माझ्या मते नवख्या लेखकाला याच जागी सगळ्यात जास्त वाव आहे, कारण तो त्या अंगणात बसला होता आणि परीक्षक बसला नव्हता.

दावा तेवढाच करा जेवढा तुमच्या नोंदी पेलतील. तीन गावांवरून ‘महाराष्ट्रातील स्त्रिया’ म्हणू नका.

सहावी पायरी : कुठे पाठवायचं

मराठीत जागा आहेत. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’, १९०६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, वाईचं ‘नवभारत’. भर बोलीच्या रूपांवर असेल तर मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’. पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे अलीकडचे अंक हाती घेऊन वाचा. अंक वेळेवर निघतोय का, तुमच्या प्रकारचा लेख त्यात बसतो का, टिपा कशा देतात, हे अंक चाळल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीत लिहिणार असाल तर जपानमधल्या नान्झान विद्यापीठाचं ‘एशियन एथ्नॉलॉजी’ हे खुलं नियतकालिक बघा. तिथे भाषांतराशेजारी मूळ मराठी ओवीही देण्याचा आग्रह जरूर धरा.

आता सावधगिरी. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. नियतकालिक पारखायची जबाबदारी आता महाविद्यालयं आणि विद्यापीठं यांच्यावर आली आहे. तरीही ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त’ अशी जाहिरात कोणी करत असेल, तर तेवढ्यावरूनच दूर राहा. पीएच.डी.च्या २०२२च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीही काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र विचारून घ्या. म्हणजे घाबरून पैसे भरून छापायचं कारण पूर्वीपेक्षा कमी झालं आहे.

खोटं नियतकालिक ओळखायला फार हुशारी लागत नाही. चार दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्राचा फोटो आधी आणि परीक्षण कधीच नाही, एकाच अंकात शेतीशास्त्र, वाणिज्य, ओवी आणि शारीरिक शिक्षण, संपादक मंडळातल्या नावांना विचारावं तर त्यांना पत्ताच नाही. आयएसएसएन हा फक्त आठ अंकी ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही. तो अशा नियतकालिकांकडेही असतो. नामवंत नियतकालिकांच्या नावानं हुबेहूब खोटी संकेतस्थळंही चालवली जातात, म्हणून पैसे मागितले गेले तर छापील अंकावरच्या पत्त्यावर विचारून खात्री करा.

दिवाळी अंकात किंवा रविवारच्या पुरवणीत लिहावं का? जरूर लिहावं. गावातले लोक तेच वाचतात. पण ती संशोधन-लेखाची तीच प्रत असू नये, आणि आधी काही छापलं असेल तर संपादकाला पत्रातच सांगा. एकाच वेळी दोन नियतकालिकांना लेख पाठवू नका.

सातवी पायरी : पाठवल्यानंतर

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे अक्षरं तुटली तर मूळ रूप काय होतं ते संपादकाला दिसेल. काही कार्यालयांत अजून जुन्या फॉन्टमध्ये जुळणी होते. रूपांतरात हमखास मार खातो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला की डोंगरातली ओवी समुद्रावर जाते. म्हणून मुद्रितं (छपाईआधी तपासायची प्रुफं) हाती आली की गद्य एकदा वाचा आणि ओव्या ध्वनिमुद्रण कानाला लावून वाचा.

उत्तर यायला महिने लागतात. तीन-चार महिन्यांनी एक नम्र पत्र पाठवणं वावगं नाही. परीक्षकाचे शेरे कडक असतील. प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं किंवा का बदललं नाही ते लिहून परत पाठवा. बोली प्रमाण करा, गाणारीचं नाव काढून ‘निवेदक’ लिहा अशा सूचना आल्या, तर कारण देऊन नाही म्हणा. चांगले संपादक असा नकार ऐकून घेतात. पण ‘पुरावा अपुरा’ असं म्हटलं असेल तर पुन्हा गावी जा.

छापून आल्यावर

अंकाची एक प्रत गाणारीच्या घरी द्या. तिला वाचता येत नसेल तर ओव्यांचं पान मोठ्यानं वाचून दाखवा. चुका तीच पहिली काढेल, आणि त्या चुका पुढच्या लेखात दुरुस्तीची टीप म्हणून छापा. दुसरी प्रत गावच्या वाचनालयाला, तिसरी शाळेला.

मूळ ध्वनिमुद्रणं कुठेतरी कायमची ठेवा. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतशास्त्रीय ध्वनिसंग्रहालय १९८२ पासून आहे. संशोधकांचे संग्रह तिथे जतन होतात. तिथे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेत, जिथे द्याल तिथे ध्वनिमुद्रणासोबत परवानगीच्या नोंदींची यादीही द्या : कोणतं सगळ्यांसाठी खुलं, कोणतं फक्त अभ्यासकांसाठी, कोणतं गाणारीच्या हयातीत कोणालाही ऐकवायचं नाही. संस्थेनं ही यादी स्वीकारल्याची पोच लेखी घ्या आणि तिची एक प्रत गाणारीच्या घरी ठेवा.